अडीच फुटावर कसे आलो: वाघोलीतल्या एका पहिल्या मरीन टँकचं प्रकरण

मार्च संपत आलेला, रात्री साडेदहाला मावसभावाचा फोन. "ताई, खाऱ्या पाण्याची टाकी घेतोय, एक फुटी क्यूब, दुकानवाला दोन क्लाउनफिश, दगड, लाइट सगळं लावून देतोय, रविवारी घेऊन येतो." मी म्हटलं थांब. तो म्हणाला अगं छोटीच आहे, आधी छोटीवर शिकतो मग मोठी घेतो. हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलंय याचा हिशोब नाही आणि सात वर्षांपूर्वी मी स्वतःही हेच बोलले होते.

माझी पहिली टाकी पण एक बाय एक बाय एकच होती. मे महिन्यात साताऱ्याला लग्नाला चार दिवस गेलो, परत आलो तेव्हा पाणी तीन बोटं खाली, काचेवर मिठाची पांढरी रेघ, आणि दोन्ही मासे गेलेले. तेव्हा वाटलं मासेच खराब दिले असतील. नाही, मासे चांगले होते.

तर हे प्रकरण त्या मावसभावाचं. टाकी घ्यायच्या आधी आम्ही दोन महिने नुसतं मोजत बसलो, त्याची बायको वैतागली, मुलगा रोज विचारायचा मासे कधी, पण त्या मोजण्यातून जो साइज निघाला तो आम्हा दोघांच्याही डोक्यात सुरुवातीला नव्हता म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आधी परिस्थिती. पुण्याजवळ वाघोलीत दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके, घरात तो, बायको, सहा वर्षांचा मुलगा आणि माझी मावशी. सोसायटीला पाणी टँकरचं आणि बोअरचं. हॉल पश्चिमेकडे, म्हणजे दुपारी तापतो. इन्व्हर्टर आहे. समोर पर्याय तीन: दुकानातली एक फुटी क्यूब, मी सुचवलेली तीन फुटी म्हणजे तीन बाय दीड बाय दीड, आणि ऑफिसातला एक जण गाव सोडून चालला होता त्याची चार बाय दोन बाय दोनची सेकंडहँड टाकी, स्टँडसकट, जवळपास फुकट. ती फुकटातली टाकी बघून त्याचा जीव तिच्यातच अडकला होता हे उघड होतं.

परदेशातले लोक नवशिक्याला सरसकट सांगतात, चाळीस गॅलनची ब्रीडर घे. ती छत्तीस बाय अठरा बाय सोळा इंच असते, म्हणजे साधारण दीडशे लिटर, म्हणजे आपली तीन फुटी टाकीच जरा बुटकी. आपल्याकडे गॅलनमध्ये कोणी टाकी बनवत नाही, काचवाल्याला फूट-इंच सांगायचे आणि लिटर आपण काढायचे, लांबी रुंदी उंची फुटात गुणायची आणि २८.३ ने गुणायचं. त्या हिशोबाने क्यूब २८ लिटर, तीन फुटी १९१, चार बाय दोन बाय दोन ४५३. हे काठोकाठ भरली तर. दगड, वाळू आणि वरची सोडलेली जागा धरली की खरं पाणी क्यूबमध्ये २४च्या आसपास, तीन फुटीत १६०, मोठीत ३८० धरा.

आता "मोठी टाकी जास्त स्थिर" हे सगळेच म्हणतात, मीही म्हणायचे, पण का ते नीट कधी तपासलं नव्हतं. मावसभाऊ इंजिनियर, तो म्हणाला आकडे दे. मग त्याला एक काम दिलं. बाजारातून चौकोनी प्लास्टिकचा टब आणला, टाकी जिथे ठेवायची तिथेच स्टुलावर ठेवला, साधं पाणी भरलं, आतून स्टीलची पट्टी चिकटवली आणि वरून छोटा पंखा लावला. रोज सकाळी सातला पाणी किती मिलिमीटर उतरलं ते लिहायचं, दुपारी चारला हॉलचं तापमान लिहायचं. एप्रिलचे दहा दिवस हे केलं. सरासरी निघाली रोज सात मिलिमीटर, आणि चार वाजताचं तापमान ३४.

या सातवर आम्ही पुढचा सगळा हिशोब उभा केला. पाणी पृष्ठभागावरून उडतं, आणि उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. समुद्राचं पाणी म्हणजे लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ, रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारटपणा मोजायच्या उपकरणावर, १.०२५-१.०२६. क्यूबमधून रोज ०.६५ लिटर उडणार, २४ लिटरमधून, म्हणजे दिवसाला पावणेतीन टक्के. तीन फुटीतून रोज २.९ लिटर, १६० मधून, म्हणजे १.८ टक्के. मावसभाऊ म्हणाला ताई, फरक काय एवढा? आणि तो बरोबर होता! पाणी वरून उतरतं, त्यामुळे खारटपणा किती टक्के वाढेल हे फक्त पाण्याच्या खोलीवर ठरतं, टाकी तीन फूट लांब असो की दहा फूट, दीड फूट खोल असेल तर टक्का तोच. म्हणजे मीठाच्या बाबतीत मोठी टाकी आपोआप सांभाळून घेते हा माझा समज अर्धाच खरा होता, आणि सात वर्षं मी तो लोकांना ठासून सांगत होते.

बाकीच्या बाबतीत मात्र मोठी टाकी खरंच जिंकते. उष्णता बघा. खोलीची गरमी चारही काचांतून आणि वरून आत शिरते. क्यूबमध्ये एक घनफूट पाण्याला पाच चौरस फूट पृष्ठभाग आहे, तीन फुटीत एक घनफुटाला २.७, म्हणजे जवळपास निम्माच. त्यात पंप आणि लाइटची गरमी २४ लिटरला लगेच जाणवते. तापलेल्या खाऱ्या पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो, २५ अंशाला लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅम, गोड्या पाण्यात त्याच तापमानाला सव्वाआठ असतो, म्हणजे खाऱ्या पाण्यातला मासा आधीच थोड्या हवेवर जगतोय आणि आपण त्याला मे महिन्यात ३२ अंशावर नेऊन ठेवतो. आणि चुका. एक मासा दगडामागे मेला आणि दोन दिवस कळलं नाही तर तो सडून निघणारा विषारी अमोनिया २४ लिटरमध्ये मिसळणार की १६० मध्ये? मुलाने खाण्याचा डबा उपडा केला तर? सहा-सात पट फरक पडतो. पहिल्या वर्षी चुका होणारच, त्या विरघळायला पाणी हवं. क्यूब तिथेच बाद झाली. दुकानवाला वाईट नव्हता, ज्याला रोज दोनदा टाकीत हात घालायची सवय आहे अशा माणसाकडे क्यूब मस्त चालते, पण ती शिकायची टाकी नाही, शिकलेल्याची आहे.

मग भाऊ उलट्या टोकाला गेला. मोठीच एवढी चांगली तर चार बाय दोन बाय दोन घेऊ की, फुकट आहे.

तिचं वजन काढलं. ३८० किलो पाणी, त्यात मीठ, दगड, वाळू, काच, स्टँड, सगळं धरून साडेसहाशे किलोच्या वर. आपल्याकडे घराच्या खोल्यांसाठी भारतीय मानकात स्लॅबवरचा वापराचा भार चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात. हा आकडा अख्ख्या खोलीवर पसरून धरलेला असतो, त्यामुळे एका जागी जरा जास्त वजन आलं म्हणून लगेच काही होत नाही, आपण सोफ्यावर चौघे बसतोच. पण इथे पाऊण चौरस मीटरवर साडेसहाशे किलो, तेही रात्रंदिवस, वर्षानुवर्षं. स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही असं सांगितलं. तरी तो पुरता मानला नव्हता, बीम कुठे आहे ते शोधत भिंतीवर ठोकत बसला होता.

त्याचा विचार बदलला तो वजनाने नाही, जारने.

आपले वीस लिटरचे पाण्याचे जार असतात ना, त्यातच सगळं मोजायचं ठरवलं. टाकीला दोन प्रकारचं पाणी लागतं, एक रोजचं टॉपअप, म्हणजे उडालेल्याच्या जागी बिनमिठाचं शुद्ध पाणी, आणि दुसरं आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं त्यासाठी मीठ कालवलेलं. दोन्हीसाठी मूळ पाणी एकच, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्य. भावाच्या नळाला टीडीएस मीटर लावला तर ९००. प्यायच्या आरओचं पाणी मोजलं तर ११०, कारण घरगुती आरओमध्ये चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळतात, ते टाकीला चालत नाही, त्यातून नायट्रेट फॉस्फेट सिलिकेट सगळं आत जातं आणि मग काचेवर तपकिरी शेवाळ पुसत बसा. म्हणजे वेगळा आरओ आणि त्याच्यापुढे डीआय रेझिन, म्हणजे उरलेसुरले क्षार धरून ठेवणारे दाणे. आरओचा पडदा ९५ टक्के क्षार अडवतो म्हटलं तरी ९०० मधले ४५ पुढे येतात, ते रेझिनवर पडतात, आणि रेझिन भराभर संपतं. खडकवासल्याचं पाणी येणाऱ्या घरात हाच खर्च कितीतरी कमी असतो, म्हणून कोथरूडवाल्याचा सल्ला वाघोलीवाल्याने डोळे मिटून घेऊ नये.

आता हिशोब. मोठी टाकी: उन्हाळ्यात टॉपअप आठवड्याला ३६ लिटर, बदलायला ३८, एकूण ७४, म्हणजे पावणेचार जार. त्याच्या मशीनला एका लिटरमागे तीन लिटर वाया जातं, म्हणजे सव्वादोनशे लिटर सांडपाणी, तेही टँकरच्या सोसायटीत. तीन फुटी: २० अधिक १६, म्हणजे ३६-३७, पावणेदोन जार. क्यूब: सातच लिटर.

मी म्हटलं आता टाकी न घेता दोन आठवडे नुसतं पाणी बनव. तीन फुटीच्या हिशोबाने, पावणेदोन जार, आणि ते स्वयंपाकघरातून हॉलमध्ये उचलून आण, बादलीत ओत, परत ने. वेडेपणा वाटेल पण केलं त्याने. पहिल्या रविवारी झालं. दुसऱ्या रविवारी टँकरच आला नाही, सोसायटीत बोंबाबोंब, आणि बायको म्हणाली घरात प्यायला नाही आणि तू माशांचं पाणी बनवतोयस, मासे तरी कुठायत? संध्याकाळी त्याचा फोन आला, आवाज उतरलेला. "ताई, एक जार आणि वर थोडं, एवढंच जमेल दर आठवड्याला. त्याच्यावर नाही."

म्हणून अडीच फूट. अडीच बाय दीड बाय दीड. काठोकाठ १५९ लिटर, खरं पाणी १३०. टॉपअप आठवड्याला १७ लिटर, बदलायला १३, एकूण ३०, म्हणजे दीड जार, तेही कडक उन्हाळ्यात, पावसाळ्यात निम्म्यावर येतं. पाण्याची खोली दीड फूटच ठेवली, ती कमी करायची नाही हे टबच्या प्रयोगातून कळलंच होतं, फक्त लांबी कापली. वजन सगळं मिळून सव्वादोनशे-अडीचशे किलो, तेही भिंतीला लागून. आणि भिंतीचा जो तुकडा मोकळा होता तो तीन फूट दोन इंच, तीन फुटी टाकी बसली असती पण मग स्विचबोर्डापर्यंत हात गेला नसता, हे तर आम्ही आधी मोजलंच नव्हतं. असो.

गरमीचं काय? चिलर, म्हणजे पाणी थंड करायचं यंत्र, टाकीपेक्षा महाग पडत होता. पुण्यात उन्हाळ्यात हवा कोरडी, त्यामुळे पाण्यावर पंखा मारला की तीन-चार अंश सहज उतरतं, दुपारभर पडदे ओढले तर अजून. पावसाळ्यात हवा दमट होते आणि पंख्याचा जोर जातो पण तेव्हा खोलीच मुळात थंड असते. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा इथे हे गणित चालत नाही, ऑक्टोबरमध्ये गरमही आणि दमटही, तिथे चिलरचा खर्च पहिल्या दिवसापासून धरूनच साइज ठरवा, आणि चिलर परवडत नसेल तर थोडं थांबा. गुरुवारी लाइट जाते त्यासाठी पंप, वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलतं ठेवणारा) आणि पंखा इन्व्हर्टरवर, तिघे मिळून चाळीस वॉटसुद्धा नाहीत.

दुकानात ऑर्डर द्यायला गेलो तेव्हा अजून एक अध्याय. तिथे एकाने हळूच विचारलं, लाइव्ह रॉक पाहिजे का, ब्रेन कोरलचा तुकडा पण देतो. सरळ नाही म्हणा. दगडासारखे कडक कोरल, सी फॅन, समुद्रघोडे हे सगळे आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, आणि लाइव्ह रॉक म्हणून जे विकतात ते बहुतेक मेलेलं कोरलच असतं. आम्ही मानवनिर्मित कोरडा दगड घेतला, पंधरा किलो. त्याचा एक फायदा असाही की कोरल नाही म्हणजे झगझगीत लाइट नको, लाइट साधा म्हणजे गरमी कमी, रोजचं कॅल्शियम घालणं नको. परदेशातले साइजचे सल्ले बरेचदा रीफ, म्हणजे कोरलची टाकी, डोक्यात ठेवून दिलेले असतात, आपली टाकी फक्त माशांची, आपल्याला थोडी सूट मिळते.

त्याच दुकानात मुलाचा डोळा निळ्या टँगवर. तळहाताच्या निम्मा होता, गोड दिसत होता. हा मासा पूर्ण वाढला की फूटभर होतो आणि दिवसभर पोहत असतो, अडीच फुटात त्याला ठेवणं म्हणजे मुलाला बाथरूममध्ये सायकल शिकवण्यासारखं. दुकानदार म्हणाला टाकीच्या हिशोबानेच वाढतो मॅडम. वाढत नाही तो, खुरटतो आणि मरतो. १३० लिटरमध्ये आम्ही यादी केली ती एवढीच: ऑसेलारिस क्लाउनची जोडी, एक फायरफिश गोबी, एक क्लीनर कोळंबी, चार-पाच गोगलगायी. क्लाउन समुद्रातून पकडलेले नाही, बंदिस्त जागेत पैदा केलेलेच घ्यायचे हे आधीच ठरलेलं, ते अंगाने चिवट असतात आणि पहिल्या दिवसापासून दाणे खातात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातसुद्धा क्लाउनफिशची पैदास होते, म्हणजे कुठल्याही रीफवरून पकडून आणायची गरजच नाही.

टाकी जूनच्या मध्यात भरली. मीठ साडेचार-पाच किलो लागलं. मग सायकलिंग, म्हणजे अमोनिया खाणारे आणि नायट्राइट खाणारे जिवाणू दगडावर वसेपर्यंत वाट बघायची, चार ते सहा आठवडे. त्यासाठी जाळीच्या पिशवीत कोळंबीचा एक तुकडा टाकीत टांगून सडू द्यायचा. मावशीने विचारलं, "अगं आज सोमवार, उद्या टाकलीस तर नाही का चालणार?" मंगळवारी टाकली. पाचव्या आठवड्याच्या शेवटी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, ऑगस्टमध्ये क्लाउन आले.

टॉपअप मावशीने स्वतःहून अंगावर घेतलं. ऑटो टॉपअपचं यंत्र लावायचं होतं पण ती म्हणाली मी रोज तुळशीला पाणी घालते तसंच हिला घालीन, काचेवर रेघ मारून ठेव. रेघ मारली. रोज सकाळी तांब्याने रेघेपर्यंत, आणि खरं सांगते माझ्या घरच्या सेन्सरवाल्या यंत्रापेक्षा ती जास्त नेमाने घालायची.

ऑक्टोबरमध्ये मात्र गडबड झाली. शनिवारी भावाने पाणी बनवलं, एका जारमध्ये नुसतं, दुसऱ्यात मीठ कालवून, आणि ऑफिसच्या कामाने बंगलोरला गेला. दोन्ही जार सारखेच, दोन्हीत पाणी सारखंच दिसतं. मावशीने पाच दिवस खाऱ्या जारमधून तांब्या भरले. ऑक्टोबर हीटमध्ये रोज दोन-सव्वादोन लिटर, पाच दिवसांचे अकरा लिटर धरा, लिटरमागे ३५ ग्रॅम, म्हणजे पावणेचारशे-चारशे ग्रॅम जास्तीचं मीठ १३० लिटरमध्ये. ३५ चे ३८ झाले. गुरुवारी रात्री तो आला, क्लाउन खात होते पण कोळंबी दगडाआडून बाहेर येईना, रिफ्रॅक्टोमीटर लावला तर १.०२९, आणि मला फोन, आवाज थरथरतोय.

मी म्हटलं घाई करू नकोस, एकदम शुद्ध पाणी ओतलंस तर त्या झटक्यानेच कोळंबी जाईल. रोज दोन लिटर खारं पाणी काढ, तेवढंच बिनमिठाचं घाल, टॉपअप वेगळं चालू ठेव, पाच-सहा दिवसांत जागेवर येईल. आलं. एक गोगलगाय मेली, मिठानेच मेली का ते नाही सांगता येणार. कोळंबी चौथ्या दिवशी बाहेर आली. हीच चूक क्यूबमध्ये झाली असती तर आकडा चाळीसच्या जवळ गेला असता, आणि २४ लिटर पाण्यात तो परत आणतानाही तांब्याभर इकडेतिकडे झालं की झटका बसणारच.

मावशीला कोणी काही बोललं नाही. पण पुढच्या शनिवारी मी गेले तर खाऱ्या पाण्याच्या जारच्या मानेला देव्हाऱ्यातली लाल नाडाछडी बांधलेली होती, चार वेढे आणि वर घट्ट गाठ.